तिसऱ्या खांबाची भूक

खर्ड्याजवळच्या एका वाडीत मारुतीचं देऊळ आहे. त्याच्या सभामंडपातल्या एका जागेला सगळं गाव टरकून असायचं. पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या खांबापाशी. तिथं बसलं की टाळ ऐकू यायचे, महाराजांचा शब्द न् शब्द यायचा, पण मृदंगाची धुम्म तेवढी पोचायची नाही. ज्यानं कीर्तन ऐकलंय त्याला हे सांगायला नको. नामाचा गजर टिपेला गेला, की मृदंगाची कणीक लावलेली डावी बाजू अशी घुमते की बसल्या जागी पोटात हलतं. ते हललं नाही, तर माणूस कीर्तनाला जाऊन आला काय अन् घरी झोपला काय, सारखंच.

म्हातारे गोरक्षनाथबाबा नेमके तिथंच बसायचे. पाठ टेकायला खांब लागायचा ना त्यांना.

"वाल्मिक, तुझ्या मशिनीत माझ्यापुरता बिघाड हाय का रं?" ते मिक्सरजवळ येऊन विचारायचे. "समद्यांच्या पोटात धुम्म हुतंय, माझ्याच पोटात न्हाई. म्या काय पाप केलं?"

"बाबा, तो खांब आवाज खातोय," वाल्मिक सांगायचा.

"आयला! उपाशी हाय व्हय खांब?"

मग वाल्मिकनं एकदा डाव्या बाजूचा बॉक्स हातभर पुढं सरकवला. दुसऱ्या दिवशी बाबांना धुम्म मिळाली, आणि दोन ओळी पलीकडं बसणाऱ्या भजनी मंडळाच्या अध्यक्षांची गेली. अध्यक्षांनी असा काही कांगावा केला की बॉक्स मुकाट्यानं परत जागेवर आला. गाव हसलं. वाल्मिकही हसला, पण ते त्याच्या मनात राहून गेलं. खांब तर जागचा हलला नव्हता. मग त्याची भूक दोन ओळी पलीकडं कशी गेली?

विचारायचं कुणाला? हेच तर त्याचं दुखणं होतं.

वाल्मिक त्याच्या मामाचा माइकसेट चालवायचा. छगनमामाचा सेट पंचक्रोशीत नावाजलेला. सप्ता असो, जागरण असो, लग्न असो, टेम्पोतून बॉक्स उतरवायचे, वायरी ओढायच्या, आणि मग मिक्सरच्या पट्ट्यांवर बोटं ठेवून बसायचं. महाराज आलापात शिरले की पट्टी केसभर खाली, गहिवरून आवाज बसला की केसभर वर. वाल्मिकची बोटं इतकी सराईत झाली होती की महाराजांना ठसका यायच्या आधी त्याला कळायचं.

पण हे सगळं एका सप्त्यापुरतं ठरलं होतं हो!

बारावीला त्याला आरती मॅडम होत्या. त्यांनी एकदा काचेची लांब नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, वर नादकाटा वाजवून धरला आणि पाणी हळूहळू खाली सोडलं. काही नाही, काही नाही, आणि एका जागी नळीतली हवा एकदम गायला लागली. नुसती हवा! मॅडमनी पाणी तिथंच थांबवलं आणि वर्गाकडं बघून हसल्या. बाकीची पोरं परीक्षेला हे किती मार्काला येतं ते विचारत होती. वाल्मिकच्या अंगावर काटा आला होता. असा काटा त्याला तोवर फक्त कीर्तनात आला होता.

बारावीला चांगले मार्क पडले. नगरला जाऊन बीएस्सी करायची, फिजिक्स घ्यायचं, असं ठरलं. आणि नेमका त्याच आठवड्यात मामाचा माइकवाला पळून गेला. मामा म्हणाला, "भाच्या, एवढा एक सप्ता काढ. मग जा तुझ्या कालेजात." सप्ता झाला. प्रवेशाची तारीख टळली. मामा म्हणाला, "पुढल्या वर्साला जा. कालेज काय पळून चाललंय?" पुढल्या वर्षी श्रावणातले तीन सप्ते होते. त्याच्या पुढल्या वर्षी मामानं नवा मिक्सर घेतला, तो फक्त वाल्मिकला कळायचा. कुणी त्याला बांधून ठेवलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं, घरात कुणी दगावलं नव्हतं. नुसतं पुढं पुढं जात राहिलं आणि सहा वर्षं गेली.

आई-बाप ऊसतोडीला जायचे, दिवाळीआधी जायचे ते उन्हाळ्यात यायचे. आई, कडूबाई, आली की पहिल्या दिवशी एकच विचारायची, "औंदा?" आणि तो म्हणायचा, "बघू, आई."

यंदा अधिक महिना आला. अधिकात वाडीला मोठा सप्ता. दुसऱ्या गावांत रोज नवा कीर्तनकार येतो. या वाडीचा रिवाज निराळा, सातही दिवस एकच महाराज. काष्टीचे अंगद महाराज. गळा असा की उन्हात सावली पडावी, आणि माणूस लेकराच्या मनाचा.

सप्ता बसला. वीणा उभी राहिली. सप्त्यात वीणा जमिनीला टेकवायची नसते, हे सगळ्यांना ठाऊक. दिवसरात्र कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, लहानमोठं न बघता, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. दुसरा आलाच नाही, तर पहिल्यानं उभं राहायचं. पाय मोडले तरी उभं राहायचं. वाल्मिक मिक्सरमागं बसून वीणेकऱ्याकडं बघायचा आणि त्याला वाटायचं, आपला पहारा बदलायला कुणी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोजवळ चहा पिताना गप्पा निघाल्या. टेम्पो चालवणारा आदिनाथ मोबाईलवर कायबाय बघत असायचा. तो म्हणाला, "भायेरच्या देशात म्हनं कालेजात जायचं तर अनुभवाला बी मार्क असत्यात. काम केलेला गडी असंल तर आदी त्याला घेत्यात."

"मग काय!" छगनमामानं बशीतला चहा फुर्रकन ओढला. "आमचा भाचा गेला तर पायघड्या घालतील. सहा वर्सांचा अनुभव! म्हनावं, ह्यानं भलेभले गळे सरळ केलेत."

मामा थट्टेनं बोलला. वाल्मिकनं मात्र चहाची बशी खाली ठेवली. खरंच तसं असेल तर? तर ही वर्षं वाया गेली नाहीत. तर प्रत्येक सप्ता, प्रत्येक वायर, बाबांची न पोचणारी धुम्म, हे सगळं कुठंतरी जमा होत होतं, आणि आता दाराशी जाऊन सांगता येईल की हे बघा, मी रिकामा बसलो नव्हतो.

त्याला महाराजांच्या बोलण्यातून माहीत होतं, की नगरला ज्या घरी त्यांचा मुक्काम असतो, त्या घरच्या राजेश्वरीबाई तिथल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रमुख आहेत. नाश्त्याच्या वेळी तो महाराजांच्या पुढ्यात जाऊन बसला. म्हणाला, "महाराज, मला फिजिक्स शिकायचंय. राजेश्वरी मॅडमच्या कानावर माज्याबद्दल दोन शब्द घालाल का? माजं काम तुमी बघितलंय."

"अरे, घालतो की!" महाराज पोहे खाता खाता म्हणाले. "दोन काय, चार घालतो. त्यांच्या मातोश्री आपलं कीर्तन रोज मोबाईलवर लाइव्ह बघतात, टीव्हीला जोडून. बाई पण शेजारी बसतात. तू निश्चिंत राहा."

वाल्मिक निश्चिंत राहिला. चूक झाली ती इथं. आपल्याकडं एखाद्या कीर्तनकाराला दोन शब्द घाला म्हटलं, तर तो फोन करत नाही. तो ते कीर्तनाच्या गादीवरून घालतो. आणि गादीवरच्या शब्दांना गादीचंच वळण असतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या कीर्तनात महाराज त्यागावर बोलत होते. मंडप गच्च भरलेला. दृष्टांतामागून दृष्टांत येत होते. राज्य सोडलेला राजा झाला, धन सोडलेला सावकार झाला. मग महाराज थांबले, उपरण्यानं घाम पुसला आणि त्यांनी हात मिक्सरकडं केला.

"लांबचे दाखले कशाला देऊ? हे लेकरू बघा. वाल्मिक! बारावीला शास्त्र शाखेत चमकलेलं पोर. नगरच्या माउलींनो, तुम्ही पण ऐका, मी मुद्दाम सांगतोय. उद्या साहेब झाला असता, बंगला बांधला असता. पण यानं काय केलं? शिक्षणावर पाणी सोडलं! हरिनाम लोकांच्या कानापर्यंत पोचावं म्हणून यानं विद्येचा त्याग केला. दोन्ही हात वर करून बोला..."

मंडपानं नामाचा गजर केला. टाळ कडाडले. पुढच्या ओळीतली माणसं वळून वाल्मिकला हात जोडायला लागली. एक म्हातारी उठून आली आणि तो "नगं, नगं" म्हणेपर्यंत त्याच्या पायावर डोकं ठेवून गेली. वाल्मिकचं बोट महाराजांच्या माइकच्या पट्टीवर होतं. पट्टी तळाशी ओढली असती तर ते शब्द थांबले असते. त्यानं ओढली नाही. सवयीनं उलट महाराजांचा आवाज गहिवरला म्हणून पट्टी थोडी वरच सरकवली, आणि आपल्या त्यागाची गोष्ट साऱ्या गावाला स्वच्छ ऐकू जाईल अशी व्यवस्था केली.

बायकांच्या बाजूला कडूबाई बसली होती. सगळ्या तिच्याकडं वळून बघत होत्या, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तिनं पदर तोंडाला लावला होता. ती रडतेय की काय, ते त्याला इतक्या लांबून कळेना.

कीर्तन सुटल्यावर मामाची छाती फुगली होती. "आता बोल! गावात माझ्या भाच्याएवढा मान हाय का कुनाला?" महाराजांनी त्याला जवळ घेतलं आणि कानात म्हणाले, "घातले बरं का शब्द. बाईंनी ऐकलं असणार." किती प्रेमानं म्हणाले! त्या प्रेमापुढं वाल्मिकनं नुसते हात जोडले.

सकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तो जवळ बसला. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "ऊसाच्या फडावर कोपीत ऱ्हायचो तवा तू लहान हुतास. मुकादमाच्या पोरांच्या सोड्याच्या बाटल्या गोळा करायचास. वळीनं मांडायचास. एकीत येवढं पानी, दुसरीत तेवढं. आन् तोंड लावून फुकायचास. समदा फड झोपायला टेकला तरी तुजं पू पू चाललेलं. तुजा बाप वैतागायचा."

"आठवतंय."

"मी इचारलं, काय करतुस रं? तर म्हन्लास, आई, पानी वाढवलं की सूर वर का चढतो?" तिनं त्याच्याकडं बघितलं. "मला काय ठावं? म्या म्हन्लं, साळंत इचार."

वाल्मिक काटकीनं जमिनीवर रेघा ओढत राहिला.

"तू त्याग केलास व्हय रं, वाल्मिक?"

त्यानं ओढलेल्या रेघा हातानं पुसून टाकल्या.

"मग जा नगरला. दारातून हाकललं तर माघारी ये. पर तोंडानं इचारून ये. मामाला मी सांगते."

त्याच सकाळी एसटीनं तो नगरला गेला. आता पाटीवर दुसरं नाव आलंय, पण वाडीतून निघणारा माणूस अजून नगरलाच जातो. कॉलेजात फिजिक्सचा विभाग पार मागं, एका जुन्या इमारतीत. राजेश्वरी मॅडम प्रयोगशाळेत एका टेबलाचे स्क्रू आवळत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला.

त्यानं नाव सांगितलं. मॅडमनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तू होय तो! आईनं काल दोनदा रिवाइंड करून दाखवलं मला. शिक्षणावर पाणी सोडलंस म्हणे तू."

वाल्मिकचा चेहरा उतरला. "मॅडम, ती शिफारस हुती."

"शिफारस?" मॅडम अशा हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "अंगद महाराजांनी माझ्याकडं केलेली शिफारस? अरे देवा! भोळा माणूस!" हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. "बस. मग सोडलेलं पाणी परत भरायला आलायस का?"

तो बसला. येताना एसटीत घोकलेलं सगळं त्यानं सांगितलं. सहा वर्षं माइकसेट चालवतोय. आवाजाचंच काम आहे. फिजिक्सला प्रवेश घेताना त्या अनुभवाचा काही उपयोग होतो का?

"नाही," मॅडम म्हणाल्या. उगाच गोड केलं नाही, पण आवाजही चढवला नाही. "आपल्याकडं प्रवेश बारावीच्या मार्कांवर. तू सहा वर्षं माइक चालवलास काय किंवा विमान, अर्जात त्याला रकाना नाही. उलट मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागेल. त्याला गॅप म्हणतात."

गॅप. ते सगळे गजर, काल्याच्या दह्यानं चिकट झालेल्या वायरी, ऐन कीर्तनात गेलेली लाइट आणि त्यानं धावत जाऊन चालू केलेला जनरेटर, हे सगळं त्या एवढ्याशा शब्दात मावत होतं तर.

"मग मिळनार न्हाई?"

"मिळणार नाही असं कुठं म्हटलं? तुझे मार्क चांगले आहेत. आणि खरं सांगू? फिजिक्सला हल्ली पोरं येत नाहीत. दरवर्षी बाकं रिकामी राहतात. गेल्या वर्षी राहिली, त्याच्या आधी राहिली."

दार बंद आहे असं समजून वाल्मिक सहा वर्षं बाहेर उभा होता. दाराला साधी कडीही नव्हती, ते उघडंच होतं. आत बाकं रिकामी होती. त्यातलं एखादं त्याचं होतं, आणि त्यावर सहा वर्षं धूळ बसत होती. हे ऐकून आनंद व्हायला पाहिजे होता. त्याला रडू आलं.

मॅडमनी ते पाहिलं न पाहिलंसं केलं. म्हणाल्या, "अनुभवाला मार्क नाहीत, पण मला उत्सुकता आहे. सहा वर्षांत असं काय दिसलं, जे तुला कळलं नाही?"

असं त्याला कुणीच कधी विचारलं नव्हतं. त्यानं तिसऱ्या खांबाचं सांगितलं. बाबांची धुम्म, हातभर सरकवलेला बॉक्स, अध्यक्षांचा कांगावा, सगळं. "खांब आवाज खातो, मॅडम. पर मग बॉक्स हलवल्यावर..."

"खांब उठून दोन ओळी पलीकडं जेवायला बसला?"

त्याला हसू आलं. मॅडम उठल्या. "चल. उचल तो स्पीकर. दुसरा मी घेते."

इमारतीमागं मोकळं पटांगण होतं. भिंत दूर, झाड एकच, तेही कडेला. मॅडमनी दोन स्पीकर एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर ठेवले, दोन्हींतून एकच सूर सोडला, सलग, न थांबणारा, आणि त्याला समोर लांब उभं केलं. "आता एका कानावर हात ठेव आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत जा. सावकाश."

वाल्मिक चालायला लागला. सूर मोठा होता. थोडं चालला तसा बारीक झाला. आणखी चालला, परत मोठा. परत बारीक. तो थबकला, मागं आला. तेच. जमिनीत कुणी न दिसणाऱ्या सऱ्या पाडाव्यात, वरंब्यावर आवाज आणि सरीत शांतता, तसं.

"इथं खांब आहे का?" मॅडमनी लांबून ओरडून विचारलं.

"न्हाई!"

"बारीक होतोय तिथं उभा राहा. हं. आता मी एक स्पीकर बंद करते. सांग, काय होईल?"

हे तर त्याच्या रोजच्या कामातलं. "आनखी बारीक हुईल, मॅडम. येक बॉक्स गेला की आवाज पडतोच."

मॅडमनी एकाची वायर काढली.

आवाज वाढला.

वाल्मिकनं कानावरचा हात काढला. एक स्पीकर मुका होता, आणि आवाज वाढला होता. मॅडमनी वायर लावली, आवाज मेला. काढली, जिवंत झाला. सहा वर्षं, कुठं आवाज पोचला नाही की त्यानं दोन्ही बॉक्स वाढवले होते. जितकं वाढवलं, तितकं ते एकमेकांना मारत होते. त्याची बोटं, ज्यांचं गावभर कौतुक, ती सराईतपणे उलटंच करत आली होती. आणि त्याच्या अंगावर काटा आला. तोच, नळीतल्या हवेचा.

"म्या समदं चुकीचं समजत हुतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मॅडम त्याच्याकडं बघतच राहिल्या.

"आता ऐक," त्या जवळ येत म्हणाल्या. "तुझा अनुभव अर्जाला उपयोगी नाही. वर्गात मधूनमधून आडवाच येईल, आत्ता आला तसा. एकाच गोष्टीला तो उपयोगी आहे. तुझ्याकडं प्रश्न आहेत. पोरं इथं उत्तरं घेऊन येतात आणि उत्तरं घेऊन जातात. पण रोज यावं लागेल. प्रात्यक्षिकं बुडवून चालणार नाही. सप्ता आहे म्हणून सुट्टी, असलं काही मी ऐकणार नाही. सोमवारी ये आणि प्रवेश घे."

"हे असं का हुतं, मॅडम? दोन आवाज मिळून शांतता?"

"सोमवारी ये," मॅडम म्हणाल्या, आणि स्पीकर उचलून चालायला लागल्या.

वाडीत परतला तेव्हा घरासमोर चपलांचा ढीग होता. त्या दिवशी महाराजांचं जेवण कडूबाईकडं होतं. महाराज पाटावर, छगनमामा शेजारी, आई वाढत होती. महाराजांनी विचारलं, "काय, भेटल्या बाई? आपले शब्द पोचले होते ना?"

"पोचले, महाराज," वाल्मिक म्हणाला. "प्रवेश मिळतोय. सोमवारी जायचंय."

मामाचा घास हातातच राहिला. "जायचंय? गाव पाया पडून गेलं, महाराजांनी गादीवरून नाव घेतलं, आन् आता पळून जातुस? लोकं काय म्हनतील? त्यागाचा पुतळा चालला शहरात! आन् सेट कोन सांभाळनार? तुजा बाप?"

"छगन," कडूबाई म्हणाली.

"आक्का, तू गप. महाराज, तुमीच सांगा ह्याला. त्याग करून माघारी घ्येतो का कुनी?"

महाराज काही बोलायच्या आत कडूबाईनं आमटीचं भांडं खाली ठेवलं. पदर सावरला. तिनं महाराजांकडं बघितलं, नजर खाली ठेवून, पण आवाज खाली ठेवला नाही.

"महाराज, तुमी मोठं. पर त्याग कराया आदी हातात काय तरी असावं लागतं. राजाच्या हातात राज्य हुतं, त्यानं सोडलं. माज्या पोराच्या हातात काय हुतं? त्यानं सोडलं न्हाई, महाराज. त्याचं सुटलं. आन् सुटलेल्याकडं तो सहा वर्सं बघत बसलाय. मी आई हाय, मला दिसतंय."

महाराजांनी ताटातल्या भाताला मधोमध आळं केलं.

"कडूबाई," ते म्हणाले, "हे कीर्तन मला आधी ऐकवायचं होतंस." मग मामाकडं वळले. "छगनराव, वीणेकऱ्याला पहाऱ्यावर उभं केलं, आणि बदली माणूस आलाच नाही, तर दोष कुणाचा?"

मामा उठला. हात धुतला आणि टेम्पोकडं गेला.

दुसऱ्या दिवशी काला. मंडपात हंडी बांधलेली, मुलं लाह्यांवर डोळा ठेवून. वाल्मिकनं वायरी तपासल्या, माइक लावले, मिक्सरमागं बसला. महाराज गादीवर उभे राहिले. टाळकऱ्यांनी पहिली चाल धरली.

तेवढ्यात मामा गर्दीतून वाट काढत आला. अंगावर धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का. तो वाल्मिकच्या समोर थांबला, आणि काही कळायच्या आत वाकून त्यानं भाच्याच्या पायाला हात लावला.

"मामा! काय करताय?"

"पहारा बदलतुया. पड पाया माज्या लवकर, लोकं बघत्यात." त्याचे डोळे लाल होते. "ही मशीन मला कळत न्हाई, पर तुज्या आदी म्याच चालवत हुतो ना सेट? चालवीन. उठ."

वाल्मिक पाया पडला. खुर्चीवरून उठला. कुठं जावं ते त्याला कळेना. सहा वर्षांत त्यानं एकही कीर्तन लोकांमध्ये बसून ऐकलं नव्हतं. तो पुरुषांच्या बाजूला शिरला. गोरक्षनाथबाबांनी सरकून जागा दिली. तिसऱ्या खांबापाशी.

"ये, ये. बस उपाशी खांबाजवळ," बाबा कुजबुजले.

मामानं पहिलीच पट्टी अशी ढकलली की बॉक्सनं कान फाडणारी शिट्टी मारली. मंडप दचकला. वाल्मिकचा हात आपोआप उचलला गेला, हवेतच थांबला, आणि सावकाश मांडीवर परत आला. मामानं कसंबसं निभावलं. महाराज हसले आणि गायला लागले.

गजर चढत गेला. टाळ आले, गळा आला, बायकांच्या बाजूनं आईचा ओळखीचा बारीक सूर आला. भोवतालची माणसं डोलत होती, त्यांच्या पोटात धुम्म घुमत होती, दिसत होतं. त्याच्या पोटात काही नव्हतं. मृदंगवाल्याचा डावा हात पडताना दिसायचा, आणि जिथं धुम्म यायची तिथं एक स्वच्छ, रिकामी जागा यायची. आज ती जागा त्याला ऐकू येत होती. दोन आवाज एकमेकांना भेटून इथं, नेमके त्याच्या मांडीपाशी, शांत होत होते.

मामाला हातानं खूण केली असती, डावा बॉक्स बंद कर म्हणून, तर धुम्म आली असती. हातभर सरकून बसला असता तरी आली असती.

"येतीय का रं धुम्म?" बाबांनी विचारलं.

"न्हाई, बाबा."

"का येत न्हाई म्हनं?"

"ते अजून कळायचंय," वाल्मिक म्हणाला, आणि डोळे मिटून तिथंच बसून राहिला.